परवाना परीक्षा आणि सराव परीक्षा
(बॉयलरच्या परीक्षेस बसणाऱ्या दीपनगर परिसरातील होतकरू बांधवांसाठी)



दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातील आपले बांधव मोठ्या संख्येने धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतात. १९३७ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते आणि त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता. आपण त्या वास्तूपुढे नतमस्तक होतो. परंतु एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. बाबासाहेब वकील म्हणून धुळ्याला येऊ शकले, ते त्यांच्याजवळ वकिलीची सनद होती म्हणून. अर्थशास्त्रातील एवढ्या मोठ्या पदव्या पदरी असताना त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरीचा अभ्यासक्रमही पुरा केला आणि १९२३ पासून मुंबईत वकिलीला सुरुवात केली. पदवीने विद्वत्ता सिद्ध होते. पण एखादे जबाबदारीचे काम स्वतःच्या सहीने करण्याचा अधिकार सनदेनेच मिळतो. ज्ञान आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या समाजाला दोन्हींची गरज आहे, हे त्यांनी आपल्या आचरणातून दाखवून दिले.

योगायोग असा की, ज्या १९२३ साली बाबासाहेबांनी वकिली सुरू केली, त्याच साली भारतीय बॉयलर कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता आणि त्याच खात्याखाली १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. तेव्हा दीपनगरसारख्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहून बॉयलरची परीक्षा देणारा आपला मुलगा किंवा मुलगी बाबासाहेबांनी आखलेल्या वाटेवरच चालत आहे, असे मी मानतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. ही परीक्षा कशी द्यावी, आणि विशेषतः तयारीसाठी सराव परीक्षांचा उपयोग कसा करावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे. सांगितलेली पद्धत वायरमन, सुपरवायझर, नर्सिंग, वकिली अशा कोणत्याही परवाना परीक्षेला लागू पडेल.

परवाना कशासाठी?

बॉयलर हे यंत्र रागीट आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे दगावली आणि त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. आपल्या देशातील बॉयलर कायद्यांची सुरुवात अशी माणसांच्या मृत्यूतून झाली. ही काही केवळ जुनी गोष्ट नव्हे. १ नोव्हेंबर २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील उंचाहार वीज केंद्रात ५०० मेगावॅटच्या संचावर भीषण दुर्घटना झाली आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. दीपनगरला १९६८ साली ६२.५ मेगावॅटच्या पहिल्या संचाने सुरुवात झाली, नंतर २१० मेगावॅटचे दोन संच आले आणि त्यानंतर ५०० मेगावॅटचे दोन. म्हणजे उंचाहारला जो संच होता त्याच क्षमतेचे संच आपल्या उशाशी आहेत. आपल्या घरातील माणसे रात्रपाळीला तेथेच जातात.

म्हणूनच कायदा सांगतो की, एक हजार चौरस मीटरपेक्षा अधिक हीटिंग सरफेस असलेला बॉयलर प्रमाणपत्रधारक बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या ताब्यात असला पाहिजे. त्याहून लहान बॉयलरसाठी प्रथम व द्वितीय वर्गाचे बॉयलर अटेंडंट असतात. साखर कारखाना असो, तेलगिरणी असो की कापडाचे प्रोसेस हाऊस, जेथे वाफ आहे तेथे या प्रमाणपत्राला मागणी आहे. आपल्या राज्यात या परीक्षांचे काम बाष्पके संचालनालयाकडे असते.

आपल्या बांधवांच्या दृष्टीने या कागदाचे आणखी एक महत्त्व आहे. आपल्यातील पुष्कळ तरुण कंत्राटदाराकडे कामाला आहेत. कंत्राट बदलते, ठेकेदार बदलतो, गेटपास रद्द होतो आणि माणूस पुन्हा शून्यावर येतो. दहा वर्षे बॉयलरजवळ घाम गाळलेला माणूससुद्धा 'हेल्पर' म्हणूनच राहतो. प्रमाणपत्र मात्र ठेकेदाराच्या नावाचे नसते. ते ज्याचे त्याच्याजवळ राहते आणि गुजरातेत गेले काय किंवा आखाती देशात गेले काय, ते दाखवून आपल्या अनुभवाविषयी बोलता येते.

स्पर्धा परीक्षा आणि परवाना परीक्षा

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. लोकसेवा आयोगाची परीक्षा ही स्पर्धा परीक्षा असते. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो. त्यामुळे दुसऱ्याला एक गुण जास्त मिळाला तर आपले नुकसान होते. परवाना परीक्षेचे तसे नाही. तेथे उत्तीर्ण होण्यासाठी ठरावीक गुण लागतात. तेवढे मिळवणारे सगळेच उत्तीर्ण. वकिलांसाठी २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा घेतली जाते, तिचेही स्वरूप असेच आहे.

या फरकातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, आपली वही मित्राला दिल्याने आपले काहीही कमी होत नाही. उलट, त्याला समजावून सांगताना आपलेच ज्ञान पक्के होते. म्हणून ही तयारी एकट्याने कोंडून घेऊन करण्यापेक्षा चार-सहा जणांनी मिळून करणे केव्हाही चांगले. दुसरी गोष्ट म्हणजे, येथे एखाद्या विषयात अपूर्व प्रावीण्य दाखवून भागत नाही. कोणताही कोपरा अगदी रिकामा राहता कामा नये. आणि आपला कोणता कोपरा रिकामा आहे हे पुस्तक सांगत नाही. ते सराव परीक्षाच सांगते.

नुसते वाचन पुरेसे का पडत नाही?

आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचन असाच समज आहे. पुस्तक तीनदा वाचले, खाली लाल रेघा मारल्या, की अभ्यास झाला असे वाटते. परंतु वाचताना ओळखीचे वाटणे आणि पुस्तक मिटल्यावर आठवणे यांत फार अंतर आहे. रोज गेटवर दिसणाऱ्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो. पण त्याचे चित्र काढा म्हटले तर हात थांबतो. तसेच हे आहे.

याविषयी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा अभ्यासण्यास दिला. दुसऱ्या गटाने तो एकदा अभ्यासला आणि नंतर तीन वेळा उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. पण आठवड्यानंतर चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी की, आपल्याला चांगले आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता!

ही कल्पना नवी नव्हे. बाबासाहेब १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले. त्यानंतर पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात आर्थर गेट्स या संशोधकाने मुलांवर प्रयोग करून असे दाखवले होते की, पाठ करण्याच्या वेळेतील अर्ध्याहून अधिक वेळ आठवून म्हणण्यात घालवल्यास फायदा होतो. आणि आपल्या परंपरेत तर हे अडीच हजार वर्षांपासून आहे. तथागतांचा उपदेश लिहून ठेवला जाण्यापूर्वी कित्येक शतके भिक्खूंनी तो मुखोद्गत ठेवला, तो संगायनाच्या बळावर. एकाने म्हणायचे, इतरांनी ऐकायचे, चुकल्यास तेथेच दुरुस्त करायचे. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्खुसंघ एकत्र येऊन पातिमोक्खाचे पठण करतो आणि स्वतःच्या दोषांची कबुली देतो. ठरलेला दिवस, सर्वांसमक्ष पठण आणि दोषांची प्रामाणिक कबुली या तीन गोष्टी चांगल्या सराव परीक्षेतही असाव्या लागतात.

सराव परीक्षा कशी घ्यावी?

(१) पहिली परीक्षा पहिल्याच दिवशी. अभ्यास पूर्ण झाल्यावर सराव परीक्षा देऊ असे म्हणणारे बहुतेक ती देतच नाहीत. तयारी सुरू करतानाच एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. गुण कमी पडतील, पडू द्यावेत. ते कोणाला दाखवायचे नाहीत. परंतु परीक्षा काय मागते हे कळते आणि पुढील वाचनाला दिशा मिळते.

(२) वेळ, जागा, साहित्य खऱ्या परीक्षेसारखे. समाजमंदिरात टेबल-खुर्ची मांडून, घड्याळ लावून बसावे. घरी पलंगावर बसून, मध्येच चहा घेऊन, पाहुण्याशी बोलून दिलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे. मोबाईल बाहेर ठेवावा. खऱ्या परीक्षेत जे नेता येते तेवढेच जवळ असावे.

(३) गुणांप्रमाणे वेळ वाटून घ्यावा. समजा, प्रश्नपत्रिका १०० गुणांची आणि वेळ तीन तास आहे. म्हणजे १८० मिनिटे. त्यातील २० मिनिटे प्रश्न वाचण्यासाठी व शेवटी तपासण्यासाठी बाजूला काढली तर १६० उरतात. १० गुणांच्या प्रश्नाला १६ मिनिटे आली. वॉटर ट्यूब बॉयलरची आकृती सुबक काढण्यात अर्धा तास घालवणारा उमेदवार शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडतो. आकृती स्वच्छ, नावे दिलेली आणि प्रवाहाचे बाण दाखवलेली असली म्हणजे पुरे.

(४) उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासावी. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. 'मला असेच म्हणायचे होते' असे म्हणून आपण स्वतःला गुण देऊन टाकतो. पंचशीलातील चौथे शील आपण रोज म्हणतो. ते दुसऱ्याशी बोलण्यापुरते नाही. स्वतःशी खोटे बोलणे हाही त्याचाच भंग आहे. उत्तरपत्रिकांची अदलाबदल करावी आणि जे कागदावर लिहिलेले असेल त्यालाच गुण द्यावेत.

(५) तपासणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. सराव परीक्षेचा निम्मा फायदा ती देण्यात आणि निम्मा ती तपासण्यात आहे. तीन तास परीक्षा दिली तर किमान दीड-दोन तास चुका समजून घेण्यासाठी ठेवावेत. परीक्षा देऊन कागद कपाटात टाकणारा विद्यार्थी जेथे होता तेथेच राहतो.

चुकांची वही

प्रत्येकाने एक दोनशे पानी वही केवळ चुकांसाठी ठेवावी. चूक लिहिताना ती कोणत्या जातीची आहे हेही लिहावे. (या वहीत तेवढी जातवारी चालेल!) चुका साधारणतः तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार, माहितच नव्हते. उदाहरणार्थ, बॉयलरची माउंटिंग्ज कोणती आणि अ‍ॅक्सेसरीज कोणत्या, यात गोंधळ होणे. सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची काच, प्रेशर गेज, स्टीम स्टॉप व्हॉल्व्ह, फीड चेक व्हॉल्व्ह, ब्लो-डाऊन ही माउंटिंग्ज. त्यांच्याशिवाय बॉयलर सुरक्षितपणे चालवता येत नाही. इकॉनॉमायझर, सुपरहीटर, एअर प्रीहीटर या अ‍ॅक्सेसरीज. त्यांनी कार्यक्षमता वाढते. अशा चुकीवर उपाय म्हणजे पुस्तक उघडणे.

दुसरा प्रकार, माहित होते पण चुकले. येथे एक गणित पाहू. एक बॉयलर ताशी ८००० किलो वाफ तयार करतो. वाफेची एन्थाल्पी किलोमागे २७७८ किलोज्यूल, आत येणाऱ्या पाण्याची २५१ किलोज्यूल. कोळसा ताशी १४०० किलो जळतो आणि त्याचे उष्मांकमूल्य किलोमागे १८००० किलोज्यूल आहे. कार्यक्षमता किती?

पाण्यात आधीच असलेली उष्णता बॉयलरने दिलेली नाही, म्हणून ती वजा केली पाहिजे. २७७८ वजा २५१ म्हणजे २५२७. त्याला ८००० ने गुणले की २,०२,१६,००० किलोज्यूल ही उपयोगी पडलेली उष्णता. कोळशातून आलेली उष्णता १४०० गुणिले १८०००, म्हणजे २,५२,००,०००. भागाकार केल्यावर कार्यक्षमता सुमारे ८०.२ टक्के येते. पाण्याची उष्णता वजा करण्यास जो विसरतो, त्याचे उत्तर ८८.२ टक्के येते. हे उत्तर दिसायला इतके छान दिसते की चूक झाली आहे अशी शंकाही येत नाही. तसाच दुसरा सापळा दाबाचा आहे. गेजवरचा दाब वातावरणाच्या दाबापासून मोजलेला असतो आणि स्टीम टेबलमध्ये निरपेक्ष दाब दिलेला असतो. गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवल्याशिवाय टेबल उघडू नये. अशा चुकीवर पुस्तक वाचून उपाय होत नाही. त्याच प्रकारची पाच-सहा गणिते वेगवेगळ्या दिवशी सोडवूनच हात बसतो.

तिसरा प्रकार, येत होते पण वेळ पुरला नाही किंवा प्रश्न नीट वाचला नाही. 'कोणतेही चार सोडवा' असे असताना सहा सोडवणे, 'फरक सांगा' असे विचारले असताना दोन्हींचे वर्णन करणे. यावर वेळेचा सराव हाच उपाय.

तीन-चार परीक्षांनंतर वही चाळली की आपला रोग आपल्याला कळतो. वैद्याने नाडी न पाहता औषध देऊ नये, तसे चुकांची जात न पाहता अभ्यास वाढवू नये.

तोंडी परीक्षा

आपल्या मुलांचे पाय सर्वांत जास्त लटपटतात ते तोंडी परीक्षेत. मी स्वतः पहिल्या खेपेस तेथेच अडखळलो. पुस्तक पाठ होते. परीक्षकांनी शांतपणे विचारले, "पाण्याच्या काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "पाणी सोडीन, साहेब." त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मला वाटले उत्तर पसंत पडले. निकाल लागल्यावर समजले.

या प्रश्नाचे योग्य उत्तर नवोदितांनी नीट समजून घ्यावे. सर्वप्रथम काच खरे सांगते आहे की तुंबली आहे, हे काचेचे कॉक उघडून तपासायचे आणि दुसऱ्या काचेशी ताडून पाहायचे. पाणी खरोखरच पातळीखाली गेले असेल किंवा पातळी समजतच नसेल, तर आधी इंधन बंद करायचे, आग कमी करायची आणि जबाबदार अधिकाऱ्याला कळवायचे. अशा वेळी पाणी मुळीच सोडायचे नाही. कारण उघड्या पडलेल्या धातूला अतिशय उष्णता चढलेली असते. त्यावर थंड पाणी पडले की धातूला तडा जाऊ शकतो आणि एकदम वाफ होऊन दाब उसळतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून किंवा स्टॉप व्हॉल्व्ह झटक्यात उघडून दाब पाडण्याची घाईही करायची नाही. बॉयलर सावकाश थंड होऊ द्यायचा. मोठ्या वीज संचात ड्रमची पातळी फार खाली गेली की संच आपोआप ट्रिप होतो, हे खरे. पण परीक्षक तपासतात ते यंत्राचे शहाणपण नव्हे, तुमचे. मला नापास करून त्या परीक्षकांनी माझ्यावर आणि माझ्याबरोबर पाळीत असलेल्या सहकाऱ्यांवर उपकारच केले, असे आज मला वाटते.

या प्रसंगातून मी धडा घेतला तो असा की, लेखी उत्तर पाठ असणे आणि समोरच्याने डोळ्यांत पाहून विचारल्यावर योग्य क्रमाने सांगता येणे, या दोन वेगवेगळ्या विद्या आहेत. म्हणून तोंडी परीक्षेचाही सराव करावा. वसाहतीतील तीन अनुभवी माणसांनी टेबलामागे बसावे, उमेदवाराने दार वाजवून आत यावे, आणि परीक्षकांनी 'का?' हा प्रश्न सोडू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह कशासाठी? का? तो अडकला तर? येत नसेल तर "हे मला सांगता येणार नाही, साहेब" असे स्पष्ट म्हणण्याचाही सराव हवा. थापा मारणारा माणूस बॉयलरवर धोकादायक असतो हे परीक्षकांना पक्के ठाऊक असते.

भाषेचाही प्रश्न आहे. आपली मुले मराठी माध्यमातून आलेली असतात आणि तांत्रिक शब्द मात्र इंग्रजी. विषय कळतो, जीभ वळत नाही. यावर उपाय एकच, मोठ्याने बोलणे. कामावर जे यंत्र रोज हाताळतो त्याचे काम घरी कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगावे. आईला सांगितले तरी चालेल. तिला समजले म्हणजे परीक्षकाला नक्की समजेल.

जुन्या प्रश्नपत्रिकांविषयी सावधगिरी

जुन्या प्रश्नपत्रिका हा सरावाचा पाया आहे. पण त्यांची उत्तरे जशीच्या तशी घोकू नयेत. १९२३ चा बॉयलर कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला; त्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा केला. त्यामुळे जुन्या गाइडमधील कलमांचे आकडे पाठ करून गेलेला उमेदवार फसण्याचा संभव आहे. तरतुदीमागील हेतू समजून घ्यावा आणि कलम मात्र नव्या कायद्यातून पाहावे. जुन्या पुस्तकांत कॅलरी आणि पौंड भेटतात, नव्यांत किलोज्यूल आणि बार. एका एककातून दुसऱ्यात जाण्याचा सराव करून ठेवावा. परीक्षेची पात्रता, अनुभवाची अट, शुल्क व अर्जाची मुदत या बाबी संचालनालयाच्या त्या त्या वेळच्या अधिसूचनेतच पाहाव्यात. मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.

'हमखास येणारे प्रश्न' म्हणून विकले जाणारे कागद आणि चिठ्ठ्यांचा मार्ग यांपासून दूर राहावे, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. चोरून मिळवलेल्या पदवीने फार तर एक जागा अडते. चोरून मिळवलेल्या बॉयलरच्या प्रमाणपत्राने माणसे मरू शकतात.

पाळीचे काम आणि वेळापत्रक

आपले बहुतेक उमेदवार तीन पाळ्यांत काम करतात. त्यांना रोज चार तास अभ्यास सांगणे म्हणजे थट्टा आहे. रात्रपाळी करून आलेल्याने लगेच पुस्तक उघडू नये. आधी झोपावे. झोप मोडून केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही. उठल्यावर ताजेपणी एक तास पुरे. त्यातली वीस मिनिटे वाचन आणि चाळीस मिनिटे पुस्तक मिटून लिहिणे, असे प्रमाण ठेवावे.

तीन महिन्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. दर आठवड्याला एका विषयाची अर्ध्या तासाची छोटी चाचणी. दर पंधरवड्याला एक पूर्ण सराव परीक्षा, म्हणजे तीन महिन्यांत सहा. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक तोंडी सराव. छोट्या चाचणीत केवळ त्या आठवड्याचे प्रश्न नसावेत; निम्मे प्रश्न मागील विषयांचे असावेत, कारण विसरायला लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न केला की ते अधिक पक्के बसते. परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत नवीन काही वाचू नये. केवळ चुकांची वही वाचावी.

संस्थेने काय करावे?

आपल्या संस्थेकडून शिष्यवृत्ती आणि वह्यावाटप होते, ते चांगलेच आहे. त्याला जोड म्हणून महिन्यातून दोन रविवारी सभागृह सराव परीक्षेसाठी राखून ठेवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च जवळजवळ नाही. प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, एक भिंतीवरचे घड्याळ आणि सेवानिवृत्त बांधवांचे दोन तास. आपल्या वसाहतीतून निवृत्त झालेली कित्येक माणसे आज भुसावळ, फेकरी परिसरात आहेत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाने आपली चुकांची वही संस्थेच्या ग्रंथालयाला द्यावी, असाही संकेत पाडावा. एका पिढीच्या चुका दुसऱ्या पिढीने पुन्हा करू नयेत. पायवाट अशीच रुंद होत जाते.

मुलींनाही या सरावात आवर्जून बसवावे. बॉयलर पुरुषांनीच चालवावा असे त्याच्या कोणत्याही व्हॉल्व्हवर लिहिलेले नाही.

शेवटी एवढेच सांगतो की, सराव परीक्षेत नापास होण्याला लाजू नये. ती नापास होण्यासाठीच असते. काचेत पाणी दिसत नसताना काय करायचे, ही चूक समाजमंदिराच्या सतरंजीवर झाली तर हसून दुरुस्त करता येते. परीक्षेत झाली तर परीक्षेची एक संधी जाते. आणि पहाटे तीन वाजता खऱ्या बॉयलरपुढे झाली तर तिची किंमत कोण मोजणार? तथागतांनी आपल्या अखेरच्या दिवसांत भिक्खूंना स्वतःच्याच प्रकाशाने चालण्यास सांगितले. आपण तर दीपनगरात राहतो. दुसऱ्यांच्या घरी उजेड पाठवणाऱ्या आपल्या वसाहतीतील प्रत्येक घरात ज्ञानाचा आणि अधिकाराचा दिवा लागो, हीच मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!